थोरली, धाकटी आणि शर्टाचा खिसा

गॅरेज बंद करताना मास्तर दोन्ही गाड्यांचे रोटर काढून शर्टाच्या खिशात टाकत. रोटर म्हणजे इंजिनातला अंगठ्याएवढा तुकडा. तो नसला की गाडी जागची हलत नाही. लष्करी वर्कशॉपमधल्या नोकरीतली ही सवय. मग खिसा थोपटून म्हणत, "खिशात आहे, म्हणजे दारात आहे." खडकीत कधी जुनी गाडी दुरुस्तीला टाकली असेल, तर तुम्हीही हे ऐकलं असेल.

शेजारीच माझं सीट शिवायचं दुकान. त्यामुळे त्या दोघींना मी आतून ओळखतो. एक सत्तर वर्षांची, लांबलचक, क्रोमने मढलेली इंग्रजी मोटार, ती थोरली. दुसरी ऐंशीच्या दशकातली, बटणावर काचा खाली करणारी जर्मन; ती धाकटी. मालक एकच. तीस वर्षं मास्तरांनी दोघींना सांभाळलं. दसऱ्याला एकच हार आणून अर्धा अर्धा करत, आणि फुलं मोजत. कुणाला कमी नको!

मग मालक फ्लॅटमध्ये राहायला निघाले. "मास्तर, तिथं एकच पार्किंग आहे. कुठली ठेवू? तुम्ही म्हणाल ती."

झालं! मास्तरांची झोप उडाली.

"थोरलीत बसलं की माणूस सावकाश बोलतो," चहा पिताना ते म्हणाले.

"मग थोरली ठेवा."

"अहो, पण घाटात दमते. धाकटीला घाट कळतसुद्धा नाही."

"मग धाकटी."

"असं म्हणालो का मी?"

सोमवारी थोरली, मंगळवारी धाकटी. ऐकून ऐकून माझंही डोकं चालेना. शेवटी मालक वैतागले. "रविवारी गिऱ्हाईक येतंय. त्याला आवडेल ती नेऊ दे."

शनिवारी संध्याकाळी मास्तरांनी नेहमीसारखा खिसा थोपटला आणि घरी गेले. सकाळी उठलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. गिऱ्हाईक आलं, पण दोघींपैकी एकही चालू होईना. तसंच परत गेलं.

दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा रुमालाची पुरचुंडी घेऊन आला. "काका, बाबांच्या शर्टात सापडलं. कशाचं आहे हो?"

"राहू दे माझ्याकडे," म्हणालो.

तासाभरात मालकांचा फोन. "नवा मेकॅनिक म्हणतो, रोटरच नाहीत. मास्तर कुठे ठेवत, ठाऊक आहे का?"

मी पुरचुंडी सोडली. एक तपकिरी, एक काळा. कुठला कुणाचा, हे मी झोपेतही सांगेन. आधी कुठला द्यावा, हे मात्र कळेना. खोटं बोलावं का, तेही कळेना.

"नाही बुवा," म्हणालो आणि दोन्ही खिशात टाकले.

बाहेर पाहिलं. दारात दोघी उभ्या होत्या.