पोचल्याचा फोन

साबिरा हसन उकये, माहेरच्या साबिरा धनसे. जन्म म्हसळा येथे, १९५५ साली, जेव्हा रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत. मृत्यू सीवूड्स, नवी मुंबई येथे, २०२४ साली. नोकरी टेलिफोन खात्यात, प्रथम परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर आणि तो बंद पडल्यावर चौकशीच्या खिडकीवर, निवृत्तीपर्यंत. पती हसन जहाजावर नोकरीस होते. ते २००९ मध्ये वारले. मागे मुलगा हमझा आणि मुलगी अमरीन.

एवढ्या तपशिलात बाईंचे आयुष्य आटोपते, असे त्यांना ओळखणाऱ्या बहुतेकांना वाटे, आणि बाईंनीही कधी कुणाचा हा समज दूर केला नाही. मोजके बोलणे हा त्यांचा मूळ स्वभाव नव्हे. तो पेशाचा संस्कार होता. बोलणे नीट चालू आहे की मध्येच तुटले, हे पाहण्यासाठी ट्रंक बोर्डावरच्या मुलीला क्षणभर ऐकावेच लागे, आणि तेवढ्यात कुणाचे बाळंतपण, कुणाचे दिवाळे, कुणाचा मृत्यू तिच्या कानी पडे. पाळी संपली की ते सारे बोर्डावरच ठेवून उठायचे, हा नियम. हसनभाई थट्टेने म्हणत, "हिच्या कानात गेलेली गोष्ट आणि खाडीत पडलेली अंगठी, दोन्हींची आशा सोडावी."

चोरून ऐकणे म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक होते. एक्स्चेंजमध्ये पडदा लावलेली एक लहान खोली होती. अधूनमधून साध्या कपड्यांतले एक गृहस्थ तेथे येऊन बसत आणि वरून आलेल्या आदेशानुसार एखादी लाइन त्यांच्या टेबलाकडे वळवली जाई. त्यांना चहा नेऊन देण्याचे काम कधीकधी साबिराबाईंकडे येई. ते चहा बिनसाखरेचा घेत, एवढेच त्यांच्याविषयी बाईंना माहीत होते; पण तेवढे तरी होते.

हसनभाई एडनला वा मोंबासाला उतरले की घरी फोन करीत. परदेशाहून बोलणे महाग, म्हणून शब्द एकच: "पोचलो." त्यावर साबिराबाई "बरं" म्हणत आणि फोन ठेवीत. पुढे त्याचा घरात रिवाजच पडला. कुणी वाशीला जावो की श्रीवर्धनला, पोचल्याचा फोन करायचा. तो येईपर्यंत घरातले कुणी निवांत बसत नसे. हमझा वाशीच्या मसाला बाजारात दलाली करू लागला, दोन मुलांचा बाप झाला, तरी गाळ्यावर पोचल्यावर त्याचा फोन येई.

अमरीन वकील झाली आणि बेलापूरच्या न्यायालयात जाऊ लागली. २०२२ साली ती आपल्या दोन सहकाऱ्यांसह उच्च न्यायालयात करावयाच्या एका याचिकेची तयारी करीत होती. नागरिकांचे फोन व संदेश सरकारला ऐकायचे-वाचायचे असतील तर कायद्याप्रमाणे लेखी आदेश लागतो. तो आदेश वेळेवर निघतो की नाही, हे मात्र ऐकणाऱ्यांवाचून कुणी तपासत नाही, तेव्हा ही तपासणी न्यायाधीशांकडे असावी, अशी तिची मागणी होती. अडचण पुराव्याची होती. ज्याचे बोलणे ऐकले जाते त्याला ते कळत नाही आणि ज्याला कळते तो सांगत नाही.

असा सांगणारा एक मनुष्य मिळाला. मानसिंग हनवते, मूळचा परभणीकडचा, तुर्भे गावात पत्नी दीक्षा आणि लहान मुलीसह भाड्याच्या खोलीत राहणारा. एका फोन कंपनीच्या ठेकेदाराकडे तो तंत्रज्ञ होता. एका रविवारी दुपारी तो सीवूड्सच्या घरी आला आणि, दिवाणखान्याची खिडकी रस्त्याकडे उघडते म्हणून, स्वयंपाकघरातच बसून बोलला. तोंडी निरोपावर लाइनी वळवल्या जातात आणि कागद मागाहून येतो, कधी येतच नाही, हे त्याने स्वतः पाहिले होते.

"मॅडम, मी प्रतिज्ञापत्रावर सही करतो," तो म्हणाला. "पण जानेवारीत पुण्याला दुसरी नोकरी लागतीय. तोवर माझं नाव कुठं निघता कामा नये. ठेकेदार काढील ते काढील, वरून गुपित फोडलं म्हणून केस टाकतील. पोरगी लहान हाय माझी."

"नाव या घराबाहेर जाणार नाही," असे उत्तर अमरीनने द्यायचे, ते साबिराबाईंनी दिले. मानसिंगने त्यांच्याकडे पाहिले आणि मग चहाचा कप उचलला.

डिसेंबरातल्या एका सकाळी अमरीनच्या फोनवर, फोन बनवणाऱ्या कंपनीकडून, सूचना आली. सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर आपल्या फोनला लक्ष्य करीत असण्याची शक्यता आहे, असा तिचा आशय होता. कोणते सरकार, केव्हापासून, काय वाचले, यांतले काहीही तीत नव्हते. अमरीनने ती दोनदा वाचून दाखवली. हमझा बाजाराला निघण्याच्या तयारीत होता.

"शक्यता आहे म्हणे! पाऊस पडण्याची पण शक्यता असते," तो म्हणाला. "लपवण्यासारखं नसेल काही तर भ्यायचं कशाला? माझा फोन ऐकू देत खुशाल. वेलदोड्याचा भाव तरी कळेल त्यांना."

"भाई, बाथरूमला कडी लावतोस ना तू? आत काय चोरी करतोस?"

"कडी बॉम्ब ठेवणारा पण लावतो. त्याला काय विचारून पकडायचं?"

"त्याला नको विचारू. जजला विचार, एवढंच म्हणते मी."

"तू म्हण! आणि आपलं आडनाव वाचून कोण थांबणार आहे जजसाठी?" हमझाचा आवाज चढला आणि लगेच, टेबलावरच्या फोनकडे नजर जाताच, खाली आला. "दुसऱ्यांनी करावं हे सगळं. आपण कशाला नजरेत यायचं?"

"आत्ताच म्हणालास ना, भ्यायचं कशाला?"

साबिराबाई उठल्या, त्यांनी तो फोन उचलला, तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावले. तिघेही त्या डब्याकडे पाहत राहिले. पडद्याआडच्या गृहस्थांना बाई घाबरत असत. परंतु त्या भीतीला एक खोली होती, एक खुर्ची होती आणि संध्याकाळी ते गृहस्थ घरी जात. हा जो कुणी होता तो घरी जात असेल का? तो आता, या क्षणी, डब्याच्या आत ऐकत होता का? गेल्या महिन्यात अमरीन तापाने फणफणली होती, तेव्हा तिचे कण्हणेही त्याने ऐकले का?

"मानसिंगचे फोन आलेत यावर," अमरीन कुजबुजली. "तीन-चार वेळा. उद्या तो बेलापूरला येणार आहे, मसुदा बघायला. त्याला थांबवायला हवं. फोन करता येत नाही. मी गेले आणि माझ्या मागे कुणी असलं तर…"

"मी जाते," साबिराबाई म्हणाल्या.

"अम्मी, तू?"

"म्हातारीच्या मागे कोण लागतंय?"

त्यांनी सारी काळजी घेतली. मानसिंगला सांगायचे ते अमरीनकडून पाठ करून घेतले. कागदावर काही लिहिले नाही. अमरीनचा फोन डब्यातच राहिला. बाईंचा स्वतःचा बटणांचा लहान फोन पर्समध्ये होता. त्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण सूचना त्यावर आलेली नव्हती. बाई दारात चपला घालत असताना हमझा नेहमीप्रमाणे म्हणाला, "अम्मी, पोचलीस की फोन कर." आणि त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "हो रे." अमरीन तेथेच उभी होती. तिलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

बसमध्ये कानात इअरफोनची बोंडे घातलेला एक तरुण त्यांच्या शेजारी बसला. तो नेरुळला उतरेपर्यंत बाईंनी पर्स पोटाशी धरली. तुर्भ्याला नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. दोन वेळा त्यांनी मागे वळून पाहिले आणि दोन्ही वेळा मागे माणसेच माणसे होती, त्यामुळे पाहण्याचा उपयोग झाला नाही. गोटीरामच्या किराणा दुकानामागच्या बोळात मानसिंगची खोली होती. दार दीक्षाने उघडले. मानसिंगची रात्रपाळी होती म्हणून तो घरीच, नुकताच उठलेला होता.

साबिराबाईंनी उभ्या उभ्याच पाठ केलेले सांगितले. उद्या येऊ नका. अमरीनला फोन करू नका. तुमचा नंबर तिच्या फोनात आहे. कुणी वाचला की नाही, सांगता येत नाही.

मानसिंग खाटेवर बसला. "माझं नाव?"

"नाव लिहिलेलं नाही कुठे. नुसता नंबर आहे."

"मग ठीक हाय," तो श्वास सोडून म्हणाला. "त्या नंबरचं सिम माझ्या नावावर नाही, जुन्या पत्त्यावर हाय, अन् तुर्भ्यात ते मी कधी चालूच केलं नाही. तुर्भ्यापर्यंत कुणी येत नाही त्याच्यावरून. मावशी, लई उपकार झाले. बसा."

"मी याला कवाच म्हनले होते, नको त्या भानगडीत पडू," दीक्षा पाणी देत म्हणाली. "ऐकतंय कोन? सगळ्या जगाचं ऐकायची नोकरी, अन् बायकोचं तेवढं ऐकू येत नाही."

मानसिंग हसला. साबिराबाईही हसल्या. सकाळपासून प्रथमच त्यांना हलके वाटले. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला, पर्स उघडली आणि हमझाला फोन लावला. गिऱ्हाईक असेल; त्याने उचलला नाही. मग त्यांच्या बोटांनी दुसरा पाठ असलेला नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजली. तांदळाच्या डब्यात वाजणारा फोन अमरीनने, कुणाचा आहे ते न पाहताच, झाकण उघडून उचलला असावा.

"पोचले गं," साबिराबाई म्हणाल्या.

पलीकडून फोन तत्काळ बंद झाला.

बाईंनी वर पाहिले. मानसिंग खाटेवरून उठला होता.

"कुणाला लावला?"

त्यांनी हातातला फोन त्याच्यापुढे धरला. वर अमरीनचा नंबर होता.

"मी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "नाव नाही घेतलं. नुसतं पोचले म्हणाले."

"मावशी, बोलणं कोन बघतंय?" मानसिंगचा आवाज चढला नाही, आणि तेच अधिक भयंकर होते. "त्या फोनवर नजर असली तर त्यावर आलेला फोन कुठून आला ते दिसतं. वकिलाची आई, भर दुपारी, तुर्भ्याच्या टॉवरवरून. अन् ठेकेदाराकडं तुर्भ्यात राहणारा मी एकटा हाय."

दीक्षाने मुलीला कडेवर घेतले आणि दाराची कडी लावली. कडी लावून काही होणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होते.

"तुमी जा आता," ती म्हणाली. थोड्या वेळापूर्वीचा आवाज नव्हता तो. "जाताना फोन बंद करा."

साबिराबाईंनी फोन बंद केला आणि त्या परत आल्या. घरी कुणी त्यांना दोष दिला नाही. हमझा म्हणाला, "मीच म्हणालो होतो फोन कर." अमरीन म्हणाली, "मीच उचलला." त्यामुळे बाईंना बोलायला काही उरले नाही.

नवे वर्ष उजाडले तरी मानसिंगकडून निरोप नव्हता. एके दिवशी साबिराबाई, घरात कुणाला न सांगता आणि फोन घरी ठेवून, पुन्हा तुर्भ्याला गेल्या. खोलीला कुलूप होते. गोटीराम तराजूवर साखर मोजत होता. त्यांनी हनवत्यांची चौकशी केली, तेव्हा त्याने मोजणे थांबवले.

"तुमी कोन?"

"ओळखीची आहे."

"दोन साहेब लोक येऊन गेले. लई गोड बोलत होते. इथं म्हातारी बाई कुणाकडं आलती, विचारत होते." त्याने त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "अन् आता तुमी विचारताय. तुमीबी त्यांच्यातल्याच काय?"

"नाही हो."

"सगळे तेच म्हनतात. त्यो गेला बायको-पोर घेऊन, साहेब यायच्या आधीच, सामान टाकून. कुठं गेला मला माहीत नाही, अन् माहीत असतं तरी तुमाला सांगितलं नसतं. घ्यायचं काय असेल तर बोला."

बाईंनी साखर घेतली. घरी नको होती, तरी घेतली.

याचिका दाखल झाली, ती मानसिंगच्या प्रतिज्ञापत्रावाचून. सरकारतर्फे उत्तर आले की कुणावर पाळत ठेवली गेली वा गेली नाही, यांपैकी काहीही सांगणे सार्वजनिक हिताचे नाही. त्या दोन साहेब लोकांना पोलिसांनी पाठवले, ठेकेदाराने पाठवले, की ते आणखी कुणी होते, हे कळले नाही. ठेकेदाराकडे मानसिंग परत गेला नव्हता आणि पुण्याच्या नोकरीवरही तो रुजू झाला नाही, एवढे अमरीनच्या सहकाऱ्याने आडून आडून काढले. त्याहून अधिक काढण्यास साबिराबाईंनी मनाई केली.

"निदान परभणीला विचारून बघू," अमरीन म्हणाली होती. "तुला माफी मागायची आहे ना?"

"शोधलंस तर सापडेल तो," बाई म्हणाल्या. "आणि तुला सापडला की त्यांनाही सापडेल. एकदा दाखवला ना मी त्यांना? आता नको."

अखेरच्या वर्षात त्या अंथरुणाला खिळल्या. घरच्यांशी बोलताना आवाज इतका लहान ठेवीत की नातवंडांना तोंडाजवळ कान न्यावा लागे. अल्लाच्या बाबतीत चुकले तर अल्ला माफ करतो, माणसाच्या बाबतीत चुकले तर त्या माणसानेच माफ करावे लागते, हे त्या दोन-तीनदा बोलल्या.

मय्यत नेरुळच्या कब्रस्तानात नेली. जनाज्याच्या नमाजापूर्वी, रिवाजाप्रमाणे, हमझा रांगांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या अम्मीकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर मला सांगा, मी फेडीन. तिच्याकडून कुणाला काही दुखापत झाली असेल तर अल्लाच्या नावाने तिला माफ करा." लोकांनी हळू आवाजात माफ केले. नंतर औषधाच्या दुकानदाराने येऊन थोडी बाकी सांगितली; ती हमझाने तेथेच फेडली.

घरी परतल्यावर अमरीनने विचारले, "आणखी कुणी आलं होतं?"

"नाही," हमझा म्हणाला. टोपी काढून ठेवीत तो म्हणाला, "मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने बोललो होतो."

याचिका हे लिहीपर्यंत प्रलंबित आहे. मानसिंग हनवते यांचे साबिराबाईंकडे असलेले देणे तसेच आहे.