रोज उतरणारी बॅटरी

माझा स्वभाव तापट आणि हातातली कला मध्यम. आता म्हातारपणी हे दोन्ही लिहून टाकायला काही वाटत नाही. पण पंचविशीत यातली दुसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलून दाखवली असती तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. गोष्ट पन्नासच्या दशकातली आहे. आलापल्लीजवळ एका सागवान ठेकेदाराकडे मी जीप चालवायचो. आमचा सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात मोडायचा, आणि जीप चालवणारा माणूस तिथं स्वतःला तहसीलदाराच्या खालोखाल समजायचा. मी तर तहसीलदारालाही मोजत नव्हतो.

दिवाळीनंतर जीपच्या हँडब्रेकची तार तुटली. नवी नागपूरहून यायची होती, म्हणजे कधी येईल ते सांगता येत नव्हतं. लाकडाचा डेपो नाल्याकडे उतरत गेलेला. इंजिन इतकं झिजलेलं की गिअरमध्ये ठेवली तरी जीप हळूहळू पुढं सरकायची.

डेपोचा चौकीदार गोंड होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला भाऊ. त्याचं गाव डेपोपासून अर्ध्या कोसावर. त्याच्या बायकोचे डोळे गेले होते. सकाळी पहारा संपला की तो घरी जायचा, चूल पेटवायचा, तिला पेज करून द्यायचा आणि संध्याकाळची सोय लावून परत यायचा. ही नोकरी त्याला कशासाठी हवी होती, ते डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

"चाकापाशी गोटा लावून द्या ना भाऊ," जीप सरकताना बघून तो म्हणाला.

"हे का रेंगी होय, दादा?" मी हसलो. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. चाकाला दगड लावणं हे गाडीवानाचं काम, ड्रायव्हरचं नव्हे, असा माझा तोरा. मी बरोब्बर मापाचा बांबू तोडला. त्याचं एक टोक ब्रेकच्या पायडलवर आणि दुसरं सीटच्या लोखंडाला अडकवलं की पायडल दाबलेलं राहायचं आणि जीप जागची हलायची नाही. दोन दिवस मी येईल त्याला ती करामत दाखवत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर इंजिन नुसतं कण्हलं. बॅटरी उतरली होती. हँडल मारून मारून खांदे भरून आले तेव्हा जीप सुरू झाली. दिवसभर चालली, बॅटरी भरली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आठ-दहा दिवस असं चाललं. हमाल विचारायचे, "काऊन भाऊ, आजबी नवरी उठत नाई का?" माझं डोकं फिरून जायचं.

मग एका रविवारी मी छडा लावायचा ठरवला. जीप कचेरीपुढच्या सपाट जागेवर आणली, आत वाकायला अडचण नको म्हणून बांबू काढून बाजूला ठेवला आणि बॉनेट उघडलं. बॅटरीची एक तार सोडून परत टोकाला हलकेच टेकवायची. सगळं बंद असताना ठिणगी पडली तर कुठंतरी वीज जाते आहे. ठिणगी पडली नाही. दिव्यांच्या तारा पाहिल्या, हॉर्नची पाहिली, डायनामोची सोडून पाहिली. कुठं काही नाही. गाडीत दोष नाही, म्हणजे दोष माणसाचा, असा मी हिशेब केला. हुशारीची माझी ही एवढी धाव.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर पोचलो आणि चौकीदार घोंगडी गुंडाळून जीपमधून उतरताना दिसला.

"काऊन रे, दिवे लावून बसते का रातभर?" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे म्हटलं, तेही हमालांसमोर.

"थंडी होती भाऊ. आजच बसलो," तो म्हणाला. "कायले हात नाई लावला."

मी ऐकून घेतलं नाही. तडक ठेकेदार शेठकडे गेलो आणि चौकीदार रात्री जीपचे दिवे जाळतो म्हणून सांगितलं. पाहिलं होतं मी फक्त त्याला उतरताना. दिवे माझ्या डोक्यातले होते, पण सांगताना मी पाहिल्यासारखेच सांगितले. शेठनं त्याला काढलं नाही. सूरजागडच्या डोंगरांकडे आमची तोड चालू होती, तिथं राखणीला पाठवलं. तिथून रोज घरी येणं शक्यच नव्हतं. जाताना तो माझ्यासमोर थांबला. काहीतरी बोलेल असं वाटलं. मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

नवा चौकीदार आला आणि बॅटरी उतरतच राहिली. हा नवा जीपच्या आसपासही फिरकत नव्हता. मला ते टोचत होतं, पण मी स्वतःची समजूत घालत होतो की आधीच्यानं वारंवार उतरवून बॅटरीच खराब केली असेल. असा महिना गेला, वर आणखी काही दिवस गेले.

एकदा बाहेरून परतायला उशीर झाला. एरवी मी उन्हातच जीप लावून घरी जायचो. त्या दिवशी दिवेलागण झाली होती. नेहमीसारखी सागाच्या थप्पीला पाठ देऊन, तोंड उताराकडे करून जीप लावली, बांबू अडकवला. जेवणाचा डबा मागं राहिला होता तो घ्यायला वळसा घालून गेलो, तर थप्पीतल्या ओंडक्यांची तोंडं लाल दिसत होती. त्यांच्यावर ठोकलेले शिक्केसुद्धा वाचता येत होते. मागचा ब्रेकचा दिवा पेटलेला होता. पायडल दाबलं की तो लागतो, हे मी लोकांना शिकवत असे. मी बांबू काढला. दिवा विझला. लावला, पेटला. असं मी तीन-चारदा केलं, जणू एखाद्या वेळी तो पेटणार नाही. मग नाल्यातून एक दगड आणून चाकाला लावला. सकाळी जीप पहिल्या बटणाला सुरू झाली आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

त्याच दिवशी मी जुन्या चौकीदाराच्या गावात गेलो. त्याची बायको दारात बसली होती. उजव्या हाताला पाला बांधलेला. शेजारीण म्हणाली, स्वतःच चूल पेटवायला गेली, हात भाजून घेतला. "कोण आलं?" बाईनं विचारलं. मी आल्या पावली मागं फिरलो.

शेठपुढं उभा राहिलो तेव्हा खरं सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते असं: "बॅटरी जुनी होती, शेठ. चौकीदाराचा दोष नसावा. म्हातारा माणूस आहे, आणून घ्या परत." शेठ म्हणाले, "तू मनतोस तर आणू." म्हणजे जो गुन्हा त्यानं केलाच नव्हता, त्याची मी त्याला माफी मिळवून दिली. आणि माझं नाव हुशार ड्रायव्हर म्हणून होतं तसंच राहिलं.

आठवड्याभरानं तो आला. आधी घरी जाऊन आला असणार. माझ्यासमोर त्यानं हात जोडले. "शेठ मनले, तुमी शब्द टाकला मनून आनलं."

मी त्याचे हात खाली केले. "दादा," मी विचारलं, "तुमाले मांगचा लाल दिवा कधी दिसला होता का?"

"हाव. रोज दिसे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मले वाटलं, वाघासाठी ठेवता तुमी. आमी आगटी पेटती ठेवतो तसा." मग चाकाजवळचा दगड पाहून तो खूश झाला. "गोटा लावला! बरं केलं भाऊ."

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते, जवळपास कुणी हमालही नव्हता. मी म्हणालो, "थंडी लागली तर जीपमंदी बसत जा." माझ्यानं तेवढंच झालं.

दुसऱ्या सकाळी जीपमध्ये चढायला गेलो तर बसायच्या जागेवर, स्टेअरिंगपासून सीटच्या दांड्यापर्यंत, पळसाच्या मुळीच्या वाखाचा एक बारीक दोरा ताणून बांधलेला होता. मला काही कळेना. चौकीदार आगटीपाशी उभा होता.

"मीच बांधला," तो म्हणाला. "कोनी बसलं तर तुटन. पाहून घ्या भाऊ, मी बसलो नाई."

"दादा, याची काई गरज नाई," मी म्हणालो.

"राहू द्या. तुमच्या शब्दावर आलो. तुमच्यावर बोल नाई आला पायजे."

पुढं दोन वर्षं मी तिथं होतो. हँडब्रेकची तार आली, बॅटरी पुन्हा कधी उतरली नाही, पण त्याचा दोरा चुकला नाही. रोज सकाळी तो शाबूत असायचा, आणि आत बसायचं तर मलाच तो तोडावा लागायचा.