काकांच्या पाण्याचा आवाज

मी वाटूरला शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी धाकटी बहीण चित्रकलेचं शिक्षण संपवून घरी आली, ती डोक्यात एक वेड घेऊनच. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवायचा, आतले जीव भिंतीवर मोठे करून दाखवायचे आणि त्यांच्या हालचालीवरून लॅपटॉपने सूर काढायचे. मोठा जीव हलला की जाडा सूर, बारका पळाला की किणकिण. जोडीला सुरांबरोबर लुकलुकणारे लग्नातले रंगीत दिवे.

शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही भर दुपारी अंधार केला आणि गावाला बोलावलं. पहिला थेंब आमच्या म्हशींच्या हौदातला. भिंतीवर चपलेच्या आकाराचे जीव सैरावैरा धावू लागले आणि असा गलका उठला की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पाय खुर्चीवर घेतले.

मग लोक घरून पाणी आणायला लागले. एका बाईंच्या कुंडीतलं पाणी सनईसारखं वाजलं, तेव्हा पोराचा पहिला नंबर आल्यासारखं त्यांनी मागे वळून पाहिलं.

आमचे काका तांब्या झाकून घेऊन आले. त्यांनी नुकतंच घरी पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं होतं. त्यांचा थेंब ठेवला. भिंत कोरी, दिवे बंद, आवाज नाही. काका कानामागे हात धरून उभे राहिले. पाणी चांगलं आहे म्हणूनच वाजत नाही, असं बहिणीने परोपरीने समजावलं.

"सगळ्यांचं वाजून राह्यलं," काका हळूच म्हणाले, "मंग माझंच काहून न्हाई?"

अर्ध्या तासाने ते परत आले, तेव्हा तांब्यातलं पाणी हिरवट होतं. थेंब ठेवताच हॉल दणाणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी टोपी सारखी केली आणि हेही मशीनचंच पाणी असल्याचं सांगितलं.

काकू मागे बसल्या होत्या. त्या तडक घरी गेल्या आणि मशीनच्या तोटीला फडकं बांधून टाकलं. चार दिवस घरात शेजारचं पाणी. पाचव्या दिवशी मेकॅनिक आला, मशीन सगळं खोललं, दोष काही सापडेना. तेव्हा काकांनी त्याला कोपऱ्यात नेऊन तांब्यात नाल्याचं पाणी भरल्याचं कबूल केलं आणि कुणाला सांगू नको म्हणाले. त्याने चहा पिता पिता काकूंना सांगून टाकलं.

आम्हाला हे काकूंनीच सांगितलं. सांगताना हसून हसून त्यांना मध्येच खाली बसावं लागलं.