मापट्याला एक बुक्की

माझी थोरली लेक आज जिवंत आहे ती तुळजापूरच्या एका पैलवानांमुळे. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे सांगणार आहे त्यात मारहाण फार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस म्हणजे नुसता दांडगट. दांडगट तर ते होतेच.

सरकारी दवाखान्याच्या दारात एक दगड होता. त्यावर ते रस्त्याकडं पाठ करून बसायचे, आणि कुणाशी भांडण मिटवायचं असलं की आपल्याच खांद्यावर थाप मारून म्हणायचे, “हाना. हातचं राखू नका.” समोरचा सहसा कुरकुरत निघून जायचा. त्याला आधी एक बसलेली असायची, आणि परत मारायची हिंमत नसायची.

कुस्ती त्यांची केव्हाच सुटली होती. मी लग्न होऊन कानडी मुलखातून तुळजापुरात आले तेव्हा त्यांची पन्नाशी आली होती. देवळाच्या पायऱ्यांवरून ते म्हाताऱ्या यात्रेकरूंना पाठीवर वाहायचे. आमचं परड्या-कुंकवाचं दुकान त्याच वाटेवर, दवाखान्यासमोर, त्यामुळं त्यांची चढउतर रोज दिसायची. एकदा एक आजी त्यांचे दोन्ही कान घट्ट धरून बसली होती. “आजी, बैल न्हाय मी,” ते म्हणाले. आजी म्हणाली, “बैल असतास तर शेपूट धरलं असतं.” ते इतके हसले, की आजी वर हिंदकळायला लागली.

मला तेव्हा सगळ्याची भीती वाटायची. शाळा दुसरीतच सुटलेली, निजामाचं राज्य म्हणून तीही उर्दू. मराठी धड बोलता येत नव्हतं. गिऱ्हाइकानं भाव विचारला तरी घाम फुटायचा. पैलवान जाताजाता म्हणायचे, “अक्का, भ्याचं न्हाय. लई झालं तर काय, मारतंय.” त्यांच्या लेखी जगातलं सगळ्यात वाईट म्हणजे मार, आणि माराची त्यांना सवय होती.

द्यायचीही होती. न्हाव्यानं एका भिकारणीच्या अंगावर कढत पाणी टाकलं, तर त्याला दुकानातून ओढून रस्त्यात तुडवला. यात्रेकरू ओढण्यावरून दोन धर्मशाळावाले भांडत होते आणि मधल्यामधे एक पोर चेंगरत होतं. यांनी आधी पोर बाहेर काढलं, मग त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तुमच्याही गावात असा एखादा असेल. लोक त्याला भितात, शिव्या देतात, आणि घरात साप निघाला की पहिल्यांदा त्यालाच बोलावतात.

एका थंडीत आमच्या गल्लीत घटसर्प आला. पोराच्या घशात पांढरी साय धरायची आणि दोन दिवसांत श्वास कोंडायचा. देवीचा कोप म्हणून अंगारा लावणारेच जास्त. दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे मुसलमान, एकटे राहायचे. श्वास अगदी बंद पडायला आला की ते पोराच्या गळ्याला भोक पाडून नळी घालायचे. त्या वेळी पोराला धरायला आईबाप उपयोगाचे नसतात, त्यांचे हात सुटतात. धरायला पैलवान.

चार पोरं त्यांनी धरली. तीन वाचली. चौथा आमच्या गल्लीतल्या तेलघाणेवाल्याचा एकुलता एक. नळी घालता घालता तो पैलवानांच्या मांडीवरच गेला. घाणेवाला दारातून बघत होता. त्याला दिसलं ते एवढंच, की डॉक्टरनं सुरी चालवली आणि पैलवानांनी पोराला हलू दिलं नाही.

डॉक्टरांना खुर्दबीन हवी होती, म्हणजे डोळ्याला न दिसणारे जंतू मोठे दिसतात ते यंत्र. दवाखान्यातली कधीची फुटली होती आणि वर अर्ज करून ते थकले होते. घशात फिरवलेला कापूस काचेला लावून पाहिला तर रोग साय धरायच्या आधीच कळेल, असं ते आमच्या दुकानात बसून सांगत होते. मग सोलापूरहून मोजक्याच येणाऱ्या सुया नेमक्या त्याच पोराला टोचता येतील. आणि दर थंडीला हा रोग याच गल्लीत कुणाच्या घशातून येतो, तेही त्यांना शोधून काढायचं होतं.

पैलवान तिथंच उभे होते. म्हणाले, “गावातल्या निम्म्या लोकास्नी मला हानायचंय. फुकाट कशापायी?”

असा तो बेत ठरला. धुळवडीच्या दिवशी मापटंभर जोंधळे ओतायचे आणि पैलवानांच्या पाठीत एक बुक्की मारायची. जोंधळे विकून खुर्दबीन आणायची.

सकाळपासून झुंबड. न्हाव्यानं दोन मापटी ओतली. एक माझ्या माराची आणि एक वाया गेलेल्या कढत पाण्याची, म्हणाला. धर्मशाळावाले तर आपलं भांडण विसरून जोडीनं आले. एवढा जमाव कशाला म्हणून पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांनी शिपाई पाठवला. त्या दिवसांत चार माणसं एकत्र दिसली तरी चौकशी व्हायची. शिपाई चौकशी करायला आला आणि मापटं उसनं घेऊन बुक्की मारून गेला. मग खुद्द पैलवानांची बायको सूपभर जोंधळे घेऊन आली आणि बांगड्या मागं सारायला लागली. कुणीतरी म्हणालं, घरी तर फुकट मिळतंय की. ती म्हणाली, “घरी पळत्यात.”

मीही माझं मापटं ओतलं. मूठ वळली, पण हात उचलेना.

“हाना की, अक्का.”

“नंतर,” मी म्हटलं.

“मग तुमची एक माज्याकडं राह्यली,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “ती घेतल्याबिगर आता मला मरता यायचं न्हाय.”

लोक हसले. मी पळत दुकानात शिरले.

दुपारी घाणेवाला आला. खांद्यावर जोंधळ्यांचं भरलेलं पोतं. त्यानं ते ओतलं नाही, दगडाशेजारी उभं केलं. हसणं थांबलं. डॉक्टर पुढं झाले, तर पैलवानांनी त्यांना हातानं मागं सारलं आणि दगडावर नीट बसून घेतलं.

“हाना,” ते म्हणाले. “हातचं राखू नका.”

पहिली बुक्की ओल्या पोत्यावर काठी बसावी तशी वाजली. पुढं मोजणं राहिलं नाही. मानेवर, कानशिलावर, फासळ्यांवर, जिथं बसेल तिथं. वाळकी तुरकाठी मोडावी तसा आवाज झाला आणि पैलवान एका अंगावर कलले, पुन्हा सरळ बसले. रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळेना. त्यांची बायको धावली, तिला चौघींनी धरून ठेवलं. पैलवानांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते एकदाही उठले नाहीत.

शेवटी घाणेवाल्याचाच हात सुजला, उचलेना. तो तिथंच धुळीत बसला. पैलवान तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, “पोतं अजून सरलं न्हाय, दादा.”

घाणेवाल्यानं सुजलेला हात मांडीवर घेतला. मग त्यानं विचारलं, “शेवटाला त्यो काय करत व्हता?”

“माजं बोट धरलं व्हतं त्यानं. लई घट.”

घाणेवाल्यानं मान हलवली, उठला आणि गेला. पोतं तसंच ठेवलं. कमी पडलं ते डॉक्टरांनी आपली सायकल विकून घातलं आणि खुर्दबीन आली.

पुढच्या थंडीत माझ्या चार वर्षांच्या लेकीचा आवाज बसला. घशात काहीच दिसत नव्हतं. डॉक्टरांनी कापूस फिरवला, काच लावली, खुर्दबिनीला डोळा लावून बसले आणि उठले ते सुई घेऊनच. माझे हात सुटले. पैलवानांनी लेकीला मांडीवर घेऊन आवळलं. त्यांची फासळी वाकडी जुळली होती, वाकताना ओठ चावायचे. लेकीनं त्यांच्या अंगठ्याला हाडापर्यंत चावा घेतला. “चाव, माय,” ते म्हणाले. “हातचं राखू नगं.” तिचा श्वास कोंडलाच नाही. सुरी लागलीच नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीला निजामाचं राज्य गेलं. सोलापूरच्या रस्त्यानं हिंदुस्थानची पलटण आली. त्याआधी रझाकारांनी गावं जाळली होती, माणसं मारली होती. आता त्याचं उट्टं काढायला लोक निघाले, आणि ज्यांनी कधी कुणाचं काही केलं नव्हतं ते मुसलमानही त्यांच्या हाती सापडायला लागले. एका दुपारी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जमाव दवाखान्यावर आला. बरेचसे खेड्यांतले, पण ओळखीची तोंडंही होती. डॉक्टर आत होते. दारातल्या दगडावर पैलवान येऊन बसले, लोकांकडं पाठ करून. खांद्यावर थाप मारली.

“हाना,” ते म्हणाले. “आज फुकाट हाय.”

कुणी हसलं नाही. एक काठी पाठीत बसली. दुसरी कानावर बसली आणि कान फाटून लोंबला. मी दुकानाच्या फळीमागून बघत होते. मला ओरडतासुद्धा आलं नाही.

तेवढ्यात घाणेवाला पुढं आला. त्याच्या हातात पहार होती. तो त्या पाठीकडं बघत उभा राहिला.

“कोन हाय?” पैलवानांनी मागं न बघता विचारलं.

“मी.”

“या. तुमचं पोतं राह्यलंय.”

घाणेवाल्यानं पहार खाली टाकली. वळला, आणि पैलवानांच्या पाठीला आपली पाठ लावून, लोकांकडं तोंड करून त्याच दगडावर बसला. आता मारायचं तर त्याच्या तोंडावर मारावं लागत होतं. ओळखीचे होते ते आधी मागं सरले. मग बाकीचेही.

संध्याकाळी घाणेवाल्याच्या गाडीत पेंडीच्या पोत्यांखाली डॉक्टरांना निजवून पैलवान सोलापूरच्या वाटेला लागले. माझ्या दुकानासमोर त्यांनी बैल थांबवले. कानाला चिंधी बांधली होती, ती भिजली होती.

“अक्का, तुमची राह्यली.”

मी मूठ वळली. हात उचलेना.

“आल्यावर मारा मग,” ते म्हणाले, आणि कासरा ओढला.

ते आले नाहीत. दोन दिवसांनी वाटेतल्या तामलवाडीच्या अलीकडं बैल रिकामी गाडी घेऊन उभे असलेले सापडले. पोत्यांवर रक्त होतं असं कुणी म्हणालं; ते कानाचं असेल. पुढं सोलापूरला जाऊन आलेला एकजण सांगायचा, स्टेशनावर फाटक्या कानाचा एक म्हातारा हमाल आजीबाईला पाठीवर घेऊन जिना चढत होता. पैलवानांच्या बायकोनं कुंकू पुसलं नाही. आम्ही तुळजापूर सोडलं तोवर ती आमच्याच दुकानातून नेत होती आणि दर वेळी मला म्हणायची, “तुमची राह्यलीया न्हवं?”

आता आम्ही नागपूरला आहोत, तुळजापूर फार लांब राहिलं. लेकीनं आपल्या पाटीवर मला मराठी लिहायला शिकवलं. हे लिहिलेलंही तीच तपासणार आहे, आणि आपण चावलो होतो हे तिला यातूनच कळेल.

पैलवान, माझी बुक्की अजून तुमच्याकडं आहे. ती घेतल्याबिगर मरता यायचं नाही, हे तुम्हीच चारचौघांत बोललात. म्हणून मी घाई करत नाही. पण लेकीला घेऊन येईन. त्या दगडावर तुम्ही पाठ करून बसा. तुमच्याकडं राहिलेली मी मारीन, हातचं न राखता. आज नाही. कधीतरी.