वेखंडाचा वास

नातीसाठी वेखंड उगाळलं की मला कोल्हापुरातलं जुनं सरकारी दप्तर आठवतं. संस्थान नुकतंच विलीन झालेलं. गावची विहीर आपल्या एकट्याची म्हणणाऱ्या भाऊबंदाविरुद्ध पुरावा शोधायला वडील मला घेऊन कोडोलीहून आले. दगडी उंबऱ्याशी त्यांनी वाहाणा काढल्या. "पावणं, देऊळ न्हाय हे," कारकून खेकसला. "गावाचं कागद हायती की आत," वडील म्हणाले. कसर लागू नये म्हणून वेखंड घातलेली गाठोडी कारकुनानं दिवसभर सोडली आणि मोडीतला एक कागद वाचून दाखवला: विहीर आमच्या पणजीनं साऱ्या गावासाठी बांधली होती. ऐकताना माझं लक्ष टेबलाखाली गेलं. त्यानंही वाहाणा काढून ठेवल्या होत्या. पुढं त्यानंच मला मोडी शिकवली. त्या दप्तरात मी जन्मभर कागद वाचले, अनवाणीच.