गिरणीचा धूर आणि गोरसीचा

सौंदडला स्टेशनाजवळ धानाची गिरणी सुरू झाली आणि भावाच्या अंगणात काळी राख पडायला लागली. गिरणीच्या भट्टीत धानाचाच कोंडा जळायचा. धुराडं बुटकं. वारा फिरला की वाळत घातलेलं लुगडं काळं, पाण्याचा पितळी गुंड काळा. मी त्या गिरणीला रोज शिव्या घालायची. तोंड माझं पहिल्यापासूनच फाटकं.

भावजयीच्या बाळंतपणासाठी मी गोरेगावहून, सासरहून आले होते. तिला माहेर उरलं नव्हतं. मुलगा झाला. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली गोरसी ठेवतात, मातीच्या भांड्यात कोंड्याचा विस्तव. सटवी पुजेपर्यंत तो विझू द्यायचा नाही. खोलीला खिडकी एकच, गिरणीच्या अंगाला. राख बाळाच्या नाकात जाईल म्हणून मी खिडकीत पोतं कोंबलं, फटी शेणमातीनं लिंपल्या. काय ती माझी अक्कल!

तिसऱ्या दिवशी भावजय म्हणाली, "बाई, खिडकी उघडा ना. जीव गुदमरून राहिला माझा."

"पोराले राख चारतेस का?" मी खेकसले, आणि गोरसीत आणखी दोन मुठी कोंडा टाकला.

ती खोकत राहिली. चौथ्या दिवशी तिनं बाळ माझ्या हातात दिलं. "याले तरी बाहेर घेऊन बसा." मी बाळाला घेऊन पडवीत बसले. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं.

पाचव्या दिवशी सुईण आली. दार लोटलं आणि तोंडाला पदर लावून ओरडली, "काऊन वं, मारून टाकता का बाईले?" तिनं काठीनं छपराची दोन कवेलू सारली. त्या भोकातून एवढा धूर निघाला, की घर पेटलं समजून शेजारचे बादल्या घेऊन धावले. भावजयीनं संध्याकाळ पाहिली नाही.

"गिरणीच्या धुरानं खाल्लं," सगळे म्हणाले. मीही मान हलवली. सुईण माझ्याकडे बघत होती.

पोराला मी गोरेगावला नेलं, मीच वाढवलं. गावात कोणी बाळंत झाली की मी न बोलावता जाते, खिडकी उघडायला लावते, कवेलू सारायला लावते. बाया हसतात. हसोत बापड्या. दिवसाढवळ्या भांडी घासताना मला तिचा खोकला ऐकू येतो. राखेनं भरलेले हात तसेच घेऊन मी दार उघडायला धावते. भीती वाटते मला, खूप वाटते.

पोरगा मोठा झाला तो गिरणीवर दात ठेवूनच. सौंदडला जाऊन घरोघरी फिरला, अर्जावर अंगठे घेतले, साहेबाच्या कचेरीत खेटे घातले. शेवटी मालकानं धुराडं दुप्पट उंच बांधलं. राख पडायची कमी झाली.

त्या दिवशी तो घरी आला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आत्या, आईले मारणाऱ्याले सोडलं नाही मी."

मी त्याला आशीर्वाद दिला.