मेधाताईंना ‘काहीही’ चालत नसे

मेधाताई सॉफ्टवेअरची लाल झालेली, म्हणजे फसलेली टेस्ट मोठ्याने वाचत. खराडीच्या आमच्या ऑफिसात सगळे कानांत हेडफोन घालून बसलेले, आणि मेधाताई खणखणीत आवाजात म्हणत, "अपेक्षित खरं, मिळालं खोटं. वा! पण काय खोटं, ते कोणी सांगायचं? डॉक्टरांनी नुसतं 'बिघडलंय' म्हटलं तर फी द्याल का हो?" मग ती ओळ आम्हाला मॅचर वापरून लिहायला लावत. यादीत हे औषध असावं, डोस इतकाच असावा, अशी स्पष्ट अट म्हणजे मॅचर. म्हणजे टेस्ट फसली की काय हवं होतं आणि काय आलं, हे तीच सांगते.

लहान मुलांच्या एका हॉस्पिटलसाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. बाळाच्या वजनावरून औषधाचा डोस काढायचा. रिलीजच्या तोंडावर नेमकी डोसची टेस्ट लाल झाली. आमच्या मॅनेजरांनी मेधाताईंना न विचारता परस्पर मॅचर बदलून घेतला. 'इतकाच डोस' काढून 'कोणतीही संख्या' टाकली. झाली टेस्ट हिरवी! मला अजून संताप येतो. हे अज्ञान नव्हतं, शुद्ध लबाडी होती.

मेधाताईंनी ते पाहिलं आणि मीटिंगमध्ये विषय काढला. मॅनेजर म्हणाले, "मेधा, थोडं फ्लेक्सिबल व्हा ना. सगळं ग्रीन आहे."

"हिरवंच हवं असेल तर भिंतीला रंग द्या. स्वस्त पडेल."

त्यांनी सगळ्यांसमोर जुना मॅचर परत लावला, टेस्ट चालवली आणि वाचलं, "अपेक्षित दीड मिलिलिटर. मिळालं पंधरा." मग मॅनेजरांकडे वळून विचारलं, "आपल्या मुलीला पाजाल?"

रिलीज थांबलं, चूक दुरुस्त झाली. आणि शिक्षा कोणाला? मेधाताईंना! 'टीममध्ये मिसळत नाहीत' असा शेरा मारून त्यांना प्रोजेक्टवरून काढलं. त्यांनी राजीनामा दिला. कंपनीचं गुणवत्तेचं बक्षीस मात्र मॅनेजरांनी हसत हसत घेतलं. लाज नावाची गोष्ट नाही!

बक्षीस वाटपाच्या संध्याकाळी मी तडक वारज्याला त्यांच्या घरी गेलो आणि मनसोक्त तणतणलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं? चहा घ्या," त्या म्हणाल्या. "राग मलाही आहे. पण माझ्या सोफ्यावर बसून रागवायला काय लागतं? उद्या ती टेस्ट कोणी पुन्हा सैल करायला आलं, तर मी तिथे नसणार. तेव्हा रागवा."